कुणी रडलं नाही

मॅनेजरसाहेबांनी चेहऱ्यावर हसू आणलं, मनातल्या मनात तीनपर्यंत मोजलं आणि मगच तोंड उघडलं.

समोर बटणं निवडणारे बेचाळीस जण उभे होते. फुटकी, वाकडी, भोक चुकलेली बटणं नजरेनं हेरून बाजूला काढायची, हे त्यांचं काम. आता ते काम करणारं मशीन आलं होतं. उद्यापासून त्यांचा विभाग बंद. पत्रं टपालानं घरी जाणार होती, पण आधी तोंडी सांगणं भाग होतं. "तुम्हीच सांगा," मालक म्हणाले होते, "आणि मला रडारड नकोय."

चार माणसं समोर आली की साहेबांचं ततपप व्हायचं. म्हणून त्यांनी महिनाभर भाषणकलेचा क्लास लावला. सरांनी श्वास कधी घ्यायचा, मान कुठे वळवायची, सगळं घोटून घेतलं. शिवाय भाषणातला एकेक टोचणारा शब्द वेचून फेकून दिला. 'बंद' गेला, 'नोकरी' गेली, 'कामावरून कमी' तर पहिल्याच दिवशी गेलं. त्यांच्या जागी 'पर्व', 'झेप' आणि 'क्षितिज' येऊन बसलं.

रोज संध्याकाळी बायकोसमोर सराव चाले. ती इस्त्री करता करता ऐकायची.

"कुणाला बढती मिळालीये का हो?" तिनं एकदा विचारलं.

"शब्दांकडे नको गं, आवाजाकडे लक्ष दे," साहेब म्हणाले.

आणि आज आवाज असा काही लागला की साहेबांना स्वतःचाच हेवा वाटला. "मित्रांनो, एक सुंदर पर्व पूर्ण होत आहे." ते थांबले. नेमक्या जागी थांबले. "तुमच्या हातांतलं कौशल्य आता मोठी झेप घ्यायला मोकळं आहे. क्षितिज तुमची वाट पाहतंय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सव्वीस वर्षं एकाच टेबलाशी बसून बटणं निवडणाऱ्या, सगळ्यांच्या मावशी पुढे आल्या. साहेबांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आमच्याशी इतकं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं."

दुपारी मालकांचा फोन आला. "काय सांगता! खरंच कुणी रडलं नाही?"

"एकही नाही," साहेब म्हणाले आणि त्यांची छाती दोन इंच फुगली. घरी जाताना त्यांनी क्लासच्या सरांसाठी एक भारीतलं पेन घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब गाडीतून उतरले आणि जागच्या जागी थिजले. विभागाच्या कुलूपबंद दारासमोर बेचाळीसच्या बेचाळीस जण उभे होते. हातात डबे, अंगावर ठेवणीतले कपडे. भोंगा व्हायला अजून अर्धा तास होता.

"साहेब, कुलूप उघडायला सांगा," मावशी म्हणाल्या. "कालचं तुमचं ऐकून इतका हुरूप आला, आज सगळे मुद्दाम लवकर आलोय."

साहेबांनी कसंबसं हसू आणलं, तीनपर्यंत मोजलं आणि तोंड उघडलं.

"नाही, म्हणजे... काल मी... तुमची नो... नो..."

मावशींनी मायेनं त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"सावकाश बोला, साहेब. काल किती छान बोललात!"