तारेनंतरच्या नोंदी

नोंद एक : जवानाच्या मृत्यूची तार घरी रवाना.

“हे ठाऊक आहे,” लष्कराच्या दफ्तरखान्यात कारकुनासमोर बसलेली नर्सबाई म्हणाली. त्या तारेनंतर वर्षभराने तिच्या आईने, म्हणजे त्या जवानाच्या बायकोने, धाकट्या दिराशी लग्न केलं होतं. तेच नर्सबाईचे वडील. “मोठे काका कुठे पडले, ती जागा तेवढी सांगा. आई नव्वदीची झाली, जीव त्यातच अडकलाय तिचा.”

“दम धरा, बाई. या कपाटात अख्खी पलटण हरवलीये,” म्हणत कारकुनाने पान उलटलं.

नोंद दोन : जवान जिवंत. शत्रूच्या कैदेतून सुटका. घरी जाण्यासाठी दहा दिवसांची रजा मंजूर.

“घरी कोणीच आलं नव्हतं,” नर्सबाई म्हणाली.

नोंद तीन : रजा अर्धवट टाकून जवान परत हजर.

कारकुनाने तारीख वाचली. ती आईबाबांच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवसाची होती.

“पुढे?” तिने कसंबसं विचारलं.

“पुढे काही नाही. त्यांचा एक अर्ज तेवढा आहे.” त्याने फाइल तिच्याकडे फिरवली.

‘माझ्या घरी गेलेली तार चुकीची असली, तरी कृपया ती रद्द करू नये.’