वार्निशचे तीन हात

बुडालेल्या बोटीचं मॉडेल चौकशी समितीपुढे ठेवायचं होतं. कारागिराने जुन्या फोटोंवरून तळाचं पत्र्याचं ठिगळही हुबेहूब उतरवलं, तेव्हा बोटीच्या मालक कंपनीचे व्यवस्थापक वैतागले. "ते कशाला? वरून भरपूर ग्लॉस वार्निश मारा, झाकलं जाईल."

कारागिराला नवल वाटलं. खुणा लपवतं ते बिनचमकीचं मॅट वार्निश, चकचकीत ग्लॉस तर चहाड्या करतं. बोटी रंगवून घेण्यात हयात घालवलेल्या गृहस्थांना हे ठाऊक नसावं?

"नक्की ग्लॉसच ना, साहेब?"

"हो हो, हात आखडू नका!"

त्याने तीन पातळ हात दिले. समितीपुढे दिवा लागताच ठिगळाची कड न् कड झळकली.

"इतकं स्पष्ट दाखवायला कुणी सांगितलं?" अध्यक्षांनी विचारलं.

"साहेबांनीच," कारागीर अदबीने म्हणाला. "माझं कोण होतं त्या बोटीत, एवढं मात्र त्यांनी विचारलं नाही."