वाढीव मात्रा

चहा घेता घेता भालचंद्ररावांच्या छातीतील पंप अकस्मात थरथरला. मेंदूतील पीयूष ग्रंथीची गाठ काढल्यापासून आघात सोसण्यास लागणारे स्टेरॉइड त्यांना हा पंपच पुरवीत असे, आणि संकटाआधी मात्रा वाढविण्याची कळ पत्नी मृणालिनीच्या हाती होती.

"अगं, मला ताप नाही, मी पडलोही नाही. मग मात्रा का वाढवलीस?"

"अहो, आधी बसा बघू."

"आई?"

मृणालिनीने मान खाली घातली. "परवाच गेल्या. तुम्हांला सोसलं नसतं, म्हणून लपवलं."

"अग्नी कोणी दिला?"

"भावजींनी."

औषधाने आपले कर्तव्य चोख बजावले. भालचंद्ररावांच्या हातातील कप किंचितही हलला नाही.

"पंप परवाही माझ्या छातीतच होता, मृणालिनी," ते म्हणाले.