गळ्यातला गळ

गुडघे दुखायला लागले तसं मुलाने धर्माचं होडीवर जाणं बंद केलं. घरी बसून तो चिडचिडा झाला. मग नातीने, रोशनीने, मोबाइलवर दाखवलं, की पॉलिनेशियातले दर्यावर्दी इवलासा गळ कोरून गळ्यात घालतात. धर्माने करवंटी आणि कानस घेतली. पुष्कळ मोडले, एक जमला. तो दोऱ्यात ओवून धर्मा थेट माहुलच्या बाजारात, मासळी विकणाऱ्या बायकोपुढे उभा राहिला.

"घे, तुला."

मथुरा गिऱ्हाइकांदेखत हसली. "तुमच्या गळाला मी कधीचीच लागलेय. आता आणि कशाला?"

ओशाळून तो गळ खिशात टाकायला लागला.

"अहो, खिशात काय? माझे हात मासळीचे आहेत, तुम्हीच बांधा," म्हणत तिने पाठ वळवली.

जन्मभर जाळी विणलेल्या धर्माला ती एवढीशी गाठ काही केल्या मारता येईना.