सळयांना पाणी

श्रद्धाच्या लॅपटॉपवर जमिनीचं पोट उमटत होतं आणि इकडे रहिमुन्निसाचा जीव टांगणीला लागला होता.

मोसंबीच्या बागेतून कायमच्या रोवलेल्या लोखंडी सळयांची एक रांग गेली होती. नाल्यावरच्या नव्या बंधाऱ्याचं पाणी खाली खडकात मुरतं का, हे बघायला भूजलाचा अभ्यास करणारी श्रद्धा दर उन्हाळ्यात वडीगोद्रीला यायची. सळयांतून वीज सोडायची आणि वर मिळालेल्या आकड्यांवरून खालचं चित्र काढायची. हकीम नाडी धरून पोटातलं सांगतो तसं. लाल म्हणजे कोरडं, निळं म्हणजे ओल. गेल्या साली सगळं लाल निघालं होतं. रहिमुन्निसाच्या नवऱ्यानं, पाशामियाँनी, तेव्हाच सांगून ठेवलं होतं : यंदाही लालच आलं, तर बाग तोडायची.

हिशोबी माणसाशी शहाणी बाई भांडत नाही, हिशोबच बदलते. आठवडाभर रहिमुन्निसा पहाटे उठून विहिरीच्या तळचं पाणी काढत होती आणि एकेका सळीच्या बुडाशी ओतत होती. फोटो काढायचा तर जमिनीनंही तोंड धुवावं, त्यात पाप कसलं?

"निळं दिसायलंय की!" पाशामियाँ पुढं वाकले.

रहिमुन्निसानं शुकर म्हणायला तोंड उघडलं. पण श्रद्धा काही हसेना. निळे ठिपके होते खरे, पण अगदी वरवर. प्रत्येक सळीखाली एक, माळेतल्या मण्यांसारखे.

"चाचा, पाऊस असा सळया शोधून पडत नाही." तिनं रहिमुन्निसाकडं पाहिलं आणि लगेच नजर वळवली. "वरची माती वगळून परत काढते."

दुसरं चित्र आलं. वरपासून खालपर्यंत लाल.

"खाली अजून पोचलेलं नाही, चाचा. खोटं कसं सांगू?"

पाशामियाँ उठले. एका सळीपाशी उकिडवे बसले, माती बोटांत चुरली. ओली होती.

"रहिमून, तूच ना?"

"मंग काय करू? तुमी बाग तोडायला निघाल्ते."

"अगं, पन लोखंडाला पानी पाजायलीस! लोखंडाला काय मोसंब्या लागत्यात? एवढ्या पान्यात धा झाडं जगली असती."

बोलून गेले आणि हातातली माती झटकू लागले. आकडा तोंडातून निघून गेला होता. आणि हिशोबी माणसाला दिलेला आकडा मागं घेता येत नाही. श्रद्धानं खाली मान घालून वायर गुंडाळायला घेतली. तिला हसू लपवायचं होतं.

"बरं," शेवटी पाशामियाँ म्हणाले. "धा ठेवू. पानी दोघं घालू. पन बराबर धाच. बिलकुल जास्त न्हाई. कोनती, ते तूच दाखव."

रहिमुन्निसानं पदर खोचला आणि पहिल्या झाडाला हात लावला. मग शेजारच्या. मग त्याच्या शेजारच्या. मागून पाशामियाँ मोठ्यानं मोजत होते.

"...आठ, नऊ, धा. बस!"

ती पुढच्या झाडाकडं वळली. मागून आवाज आला नाही. नुसत्या चपला तिच्या मागं वाजत राहिल्या.