हमखास येणारा प्रश्न

"अख्ख्या वर्गाचे पेपर आणि चूक एकच! बाई, आम्हाला काय दूधखुळे समजता?"

चौकशी समितीच्या अध्यक्षांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर आपटला. समिती म्हणजे दोन माणसं. अध्यक्ष बोलायचे आणि सचिव मान हलवायचे. मुख्याध्यापकांनी त्यांच्यासाठी खुर्ची सोडली होती. कणा त्यांनी कधीच सोडला होता, त्यामुळे उभं राहायला त्यांना भिंत लागत होती.

चूक अशी होती. सातवीच्या परीक्षेत हृदयाचं कार्य विचारलं होतं. सगळ्यांनी ते अगदी बरोबर लिहिलं. आणि सगळ्यांनीच शेवटी लिहिलं, 'हा प्रश्न हमखास येतो, नीट पाठ करा, खिडकीतली चुळबुळ बंद.'

"पेपरात असं कोण लिहितं हो? तुम्ही चिठ्ठी फिरवलीत. पोरांनी ती डोळे मिटून छापली. विषय संपला."

"चिठ्ठी नाही साहेब, शपथेवर सांगते," बाई म्हणाल्या. "मी वर्गात उत्तरं सांगते, मुलं उतरवून घेतात. मधे मी बोलले असेन तसं. त्यांनी तेही उतरवलं आणि पाठ केलं."

"म्हणजे तुम्ही तोंडातून काढाल ते सगळं लिहितात?"

"एक शब्द गाळू देत नाही मी." एवढ्या भीतीतही बाईंच्या आवाजात अभिमान होता.

अध्यक्ष खो खो हसले. सचिवही हसले, जरा उशिरा. बाईंना मात्र घाम फुटला. आरोप सिद्ध झाला तर नोकरी जाणार होती, आणि कॉपी पुरवणारी बाई म्हटल्यावर दुसऱ्या शाळेनं दारातही उभं केलं नसतं. नवऱ्याचं दुकान बसलेलं, घर चालत होतं ते त्यांच्याच पगारावर.

"पोरांनाच विचारू," अध्यक्ष म्हणाले. "जबाब घेताना तुम्ही बाहेर थांबा. नियमाप्रमाणे ते तुमच्यासमोर वाचून दाखवू. हसू नका म्हणजे झालं."

अध्यक्ष वर्गात जाऊन फळ्यासमोर उभे राहिले. पोरांनी पेनांची टोपणं काढली.

"हं. परीक्षेत काय झालं ते प्रत्येकानं स्वतःच्या शब्दांत लिहा. घाबरायचं कारण नाही. ए, मागचा, छताकडे काय बघतोस?"

सगळ्या माना खाली गेल्या आणि पेनं सरसर चालू लागली. वा, काय शिस्त, अध्यक्षांना वाटलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. समोर बसलेली पोरं म्हणजे बाकांचाच भाग, त्यांच्यासमोर काय लपवायचं? अध्यक्ष ऐसपैस बोलले. मग घाम पुसत त्यांनी सचिवांना कागद गोळा करायला सांगितलं.

ऑफिसात बाई आणि मुख्याध्यापक उभेच होते. सचिवांनी पहिला कागद उचलला आणि घसा साफ केला.

"'हं. परीक्षेत काय झालं ते प्रत्येकानं स्वतःच्या शब्दांत लिहा. घाबरायचं कारण नाही. ए, मागचा...'"

"मठ्ठ कार्टं दिसतंय. दुसरा घ्या."

दुसराही तसाच. तिसराही. छताकडे बघणाऱ्यानं तर 'ए, मागचा' सुवाच्य अक्षरात लिहून खाली रेघ मारली होती. अध्यक्ष वैतागले. "अहो, पुढे काही असेल ना! पुढचं वाचा!"

सचिवांनी आयुष्यात कधी सांगितलेलं काम टाळलं नव्हतं. त्यांनी पुढचं वाचलं.

"'हो गं, आटपतंच आलंय. कसली चौकशी न् कसलं काय! त्या बाईला घालवायचं आधीच ठरलंय. संस्थाचालकांच्या सुनेला तिची जागा हवीय. मी आपला नावापुरता. नाही गं, पोरं कसली ऐकतायत, दगड आहेत नुसते.'"

मुख्याध्यापक पंख्याकडे बघू लागले. सचिवांना मान हलवावी की नाही ते कळेना. अध्यक्षांचा चेहरा उतरला तो चढेचना.

बाईंनी जबाबांचा गठ्ठा हळूच आपल्याकडे ओढला. "अख्ख्या वर्गाचे जबाब आणि चूक एकच, साहेब. ही चिठ्ठी कोणी फिरवली?"

अहवाल लगेच झाला. गैरप्रकार आढळला नाही. विद्यार्थ्यांचं पाठांतर कौतुकास्पद. बाईंच्या शिकवण्याचा इतरांनी कित्ता गिरवावा. अध्यक्षांनी गठ्ठा परत मागितला, तेव्हा बाईंनी तो पर्समध्ये टाकला होता.

बाई बाहेर पडल्या. पाय हलके झाले होते, डोळे भरून येत होते. माझी गुणाची लेकरं, वाचवलं मला! कोणीतरी आपल्यासाठी दोन शब्द लिहिलेच असतील, म्हणून त्यांनी व्हरांड्यातच पर्स उघडली. 'आमच्या बाईंनी चिठ्ठी दिली नाही,' एवढं एक वाक्य. त्या कागदामागून कागद उलटत गेल्या. सगळीकडे 'ए, मागचा' होतं, 'हो गं' होतं, दगड होते. बाई होत्या त्या फक्त घालवायच्या. त्यांना वाचवायला कोणी काही लिहिलंच नव्हतं. इतकी वर्षं आपण केलं काय?

त्या तशाच वर्गात शिरल्या आणि फळ्यासमोर उभ्या राहिल्या.

"अरे, तुम्हाला स्वतःचं काहीच सांगायचं नव्हतं का रे?"

बाई उत्तराची वाट बघत राहिल्या. सगळे उतरवून घेत होते.