गॅरेजवरचा मोर्चा

पंढरी मोटारसायकलचं मागचं चाक खोलत बसला होता. बायका गॅरेजात शिरल्या तशी त्यानं मान वर केली. सगळ्यांच्या पुढं सुकन्या होती आणि तिच्या हातात बाभळीचा दांडका होता. पंढरीनं हातातला पाना हळूच खाली ठेवला.

"ऊठ," लक्ष्मम्मा म्हणाल्या.

तो उठायच्या आतच सुकन्याचा दांडका त्याच्या खांद्यावर बसला.

बाजाराचा दिवस होता. भाजीच्या पिशव्या तशाच हातात घेऊन माणसं रस्त्यावर थांबली. कुणी मधे पडलं नाही. पंढरीला कशासाठी मारतायत हे नायगावात सकाळपासून सगळ्यांना माहीत होतं.

सुकन्याचा मुलगा रविकिरण मागच्या उन्हाळ्यात माळावरच्या विहिरीत सापडला. पोटात झोपेच्या गोळ्या निघाल्या. पोरं त्यांना 'बटन' म्हणतात. नशेत तोल गेला, असं डॉक्टर म्हणाले, पोलीस म्हणाले, गावही म्हणालं. त्या विहिरीत उतरायला कुणी धजत नव्हतं. शेवटी कमरेला दोर बांधून पंढरीच खाली गेला आणि पोराला खांद्यावर घेऊन वर आला. लिंगायतांत बसवून माती देतात. रवीचे ताठलेले गुडघे वळत नव्हते. ते वळवताना झालेला आवाज सुकन्याच्या कानातून अजून गेला नव्हता.

त्यानंतर लक्ष्मम्मांनी नशाबंदी समिती काढली. बायका शाळाशाळांतून फिरल्या. पोरांकडून शपथा घेतल्या, मेडिकलवाल्यांपुढं हात जोडले. तरी बटन येतच राहिलं. आणि त्या सकाळी पंढरीच्या गॅरेजमागं गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांनी भरलेली दोन खोकी सापडली.

"ह्याचं पोरगं लातूरच्या केंद्रात पडून हाय," समितीतला पिराजी गर्दीकडं बघून ओरडला, "अन् हा दुसऱ्याच्या लेकरांच्या जिवावर उठला!"

पंढरीचा भारत खरंच लातूरच्या व्यसनमुक्ती केंद्रात होता. रवी आणि भारत एका वर्गातले. बटन आधी रवीला लागलं, मग भारतला. तेव्हा पंढरी दोनदा सुकन्याच्या दारात येऊन गेला होता. 'ताई, रवीला आवरा. माझ्या पोराला त्यानं नादी लावलं.' दोन्ही वेळा तिनं त्याच्या तोंडावर दार लावलं होतं. ते सगळं सोंग होतं, असं आता तिला वाटत होतं.

काठ्या पडायला लागल्या. पंढरी फटके हातांवर झेलत होता. सुकन्या पुढं आली, की मात्र तो हात खाली घ्यायचा. एकदा झालं, दोनदा झालं. ते तिच्या लक्षात आलं आणि तिचं डोकं आणखी फिरलं. तिनं दांडका सरळ त्याच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला. दाताचा तुकडा जमिनीवर सांडलेल्या काळ्या ऑइलमध्ये पडला.

"बोल! माझ्या रवीला तू मारलं का न्हाई?"

पंढरी रक्त थुंकला आणि तिच्याकडं बघत राहिला.

"हाव," तो म्हणाला. "मीच मारलं."

मग कुणीच कुणाच्या हातात राहिलं नाही. पिराजीनं जॅकचा दांडा उचलून त्याच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडलेलं रस्त्यापर्यंत ऐकू आलं. एक काठी डोळ्यात गेली. "बस करा, मरंल तो!" लक्ष्मम्मा मधे हात घालून ओरडत होत्या. त्यांच्याही मनगटावर फटका बसला. पोलिसांची गाडी आली तेव्हाच माणसं पांगली.

नांदेडच्या दवाखान्यात पंढरीनं पोलिसांना सांगितलं, "जॅक घसरला. गाडी अंगावर आली." कुणाचंही नाव घेतलं नाही.

पुढच्याच आठवड्यात बसस्टँडजवळच्या एका मेडिकलवाल्याला पोलिसांनी मालासकट धरलं. आपल्यावर कुणाचा डोळा जाऊ नये म्हणून रिकाम्या पाकिटांची खोकी आपणच पंढरीच्या गॅरेजमागं टाकली, असं त्यानं कबूल केलं. पोलिसांनी पंढरीचं घर, गॅरेज सगळं उलटंपालटं केलं होतं. तिथं एकही गोळी निघाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मम्मा सुकन्याला घेऊन नांदेडला गेल्या.

पंढरीचा एक पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता. डाव्या डोळ्यावर पट्टी होती. तो डोळा गेला, असं नर्सनं बाहेरच सांगितलं होतं.

"आमचं चुकलं, पंढरी," लक्ष्मम्मा म्हणाल्या. "आमच्यावर केस कर. आम्ही सगळ्या ठाण्यात येऊन खरं ते सांगतो."

"केस न्हाई करायची मला."

सुकन्या खाटेच्या पायथ्याशी गेली, खाली बसली आणि त्याचा चांगला पाय धरून त्यावर डोकं टेकून रडायला लागली.

"माझं लेकरू ज्यानं खांद्यावर वर आणलं, त्यालाच मी मारलं, भाऊ. देव मला माफ करायचा न्हाई."

"पाय सोडा, ताई."

"एकदा तरी न्हाई म्हणायचं होतं! तुमच्या एका शब्दावर आम्ही थांबलो असतो. गोळ्या तुम्ही विकतच नव्हता, मग कामून हाव म्हणलात?"

"सोडा म्हणलं न पाय."

तिनं सोडला नाही. पंढरीनं पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला, पण त्याच्यात तेवढी ताकद नव्हती. उरलेल्या डोळ्यातून पाणी वाहून उशीवर पडत होतं.

"तुम्ही गोळ्यांचं इचारून राहिल्या, हे मला तव्हा समजलंच न्हाई," तो म्हणाला. "मला वाटलं, रवीला विहिरीत ढकलताना मला कुणीतरी बघितलं."